उपाशी टाकीतली वाळू

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा चिमीकडे. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि हत्यारांची पेटी. चिमीनं दारातच विचारलं की दादा, कायमचा आलास ना, मग बाकीचं आयुष्य कुठं ठेवलंस? मी म्हटलं, ट्रंकेत आहे, दडपून भरलंय. दोघंही हसलो. धाकटी बहीण सदुसष्ट वर्षांची झाली, पण मला दिसते ती दोन वेण्या पुढं घेऊन कविता म्हणणारी आणि नेमकं शेवटचं कडवं विसरणारी चिमी. एका खोलीच्या आमच्या शाळेत मी मागच्या बाकावरून ओठ हलवायचो आणि ती ते वाचून कविता पुरी करायची.

घर छान आहे. मला रस्त्याकडची खोली दिली आहे. खिडकीत टेबल, टेबलावर दिवा. पण घराचा खरा जीव मागच्या खोलीत आहे. मेहुण्यांची माशांची खोली. ते जाऊन दीड वर्ष झालं, तरी चिमी 'त्यांची खोली' असंच म्हणते. लोखंडी पट्ट्यांचं रॅक, तीन मजले, दर मजल्यावर तीन अशा नऊ काचेच्या टाक्या. गप्पी, मॉली, एंजल, आणखी कसले कसले. टाक्यांचे तळ मोकळे, नुसती काच. पिलं काढायची तर असंच बरं, असं मेहुण्यांचं मत होतं म्हणे. दुपारी उन्हाची तिरीप आत येते तेव्हा भिंतभर उजेड डुलतो. मी दाराशी उभा राहून बघतच राहिलो. शाळेत असतो तर त्यावर चार ओळी केल्याच असत्या.

खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली टाकी तेवढी रिकामी आहे. तळाला बोटभर वाळू, वर स्वच्छ पाणी, बस्स. मेहुण्यांनी ती जुनी विकत आणली, वाळूसकट. तिच्यात मासा सोडला तर दुसऱ्या दिवशी मासा नाही, गोगलगाय सोडली तर गोगलगाय नाही. तिचा शंखसुद्धा नाही. त्यांनी तिचं नाव ठेवलं उपाशी. हिचं पाणी कशात मिसळायचं नाही आणि हिच्यात हात घालायचा नाही, हा त्यांचा दंडक. चिमी तो अजून पाळते. आटेल तेवढं पाणी वरून लांबूनच ओतते. मग फेकून का देत नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, त्यांनी ठेवली होती ना.

७ फेब्रुवारी

चिमीची कंबर गेली आहे. एकेका टाकीचं पाणी बदलायला बादल्या वाहते. आठ टाक्या, त्यांच्या आठ गाळण्या, प्रत्येकीत एक स्पंज, आणि बाईसाहेब ते स्पंज नळाखाली धुवून साबणाच्या जाहिरातीसारखे पांढरेशुभ्र करतात. काल बादली उचलताना ती मधेच थांबली, रॅकला टेकली, आणि मी बघतोय हे कळल्यावर गुणगुणायला लागली.

जन्मभर मी कारखान्यात नकाशे काढले. हातावर हात ठेवून बसणं जमणार नाही. रॅकच्या खाली जमिनीवर एक मोठी टाकी ठेवायची, तिला सम्प म्हणतात. वरच्या प्रत्येक टाकीला काठाखाली एक भोक. जास्तीचं पाणी त्यातून पाइपानं खाली उतरेल, सम्पमध्ये स्पंजातून, मग चिनीमातीच्या नळ्यांतून झिरपत शेवटच्या कप्प्यात येईल, आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवील. आठ टाक्या, एकच पाणी. बादली हद्दपार. जे काही आटेल ते फक्त शेवटच्या कप्प्यात दिसेल, तिथंच तांब्याभर ओतायचं.

जेवताना नकाशा दाखवला. चिमी म्हणाली की उपाशीला यातून वगळ. मी म्हटलं, अर्थात. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मी पुन्हा तेच म्हटलं.

आठवड्यात करून देतो, अशी फुशारकीही मारून बसलो.

१३ फेब्रुवारी

अंग मोडून आलंय, पण मन शाळेच्या शेवटच्या दिवसासारखं हलकं आहे.

काचेला भोक पाडणं म्हणजे तपश्चर्या. भंगारातल्या काचेवर आधी हात बसवला. भोकाच्या जागेभोवती मळलेल्या कणकेचं आळं करायचं, त्यात पाणी घालायचं, आणि ड्रिलचं हिऱ्याचं बिट अगदी हलक्या हातानं फिरवायचं. दाबलं की काच गेलीच. चिमी कणीक देताना म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदाच तू कणकेला हात लावलास, तोही काचेसाठी. आठच्या आठ भोकं निर्वेध. मग पाइप कापले, कोपरे जोडले, सम्पमध्ये सिलिकॉननं कप्पे चिकटवले, ते सुकेपर्यंत दोघंही नाक धरून फिरलो.

आज सकाळी पंप चालू केला. आधी नुसती गुरगुर. मग वरच्या पाइपातून पाणी आलं, टाक्या काठापर्यंत चढल्या, आणि आठही भोकांतून एकदमच पाणी खाली उतरायला लागलं. काय तो आवाज! पाठ्यपुस्तकातल्या कवितेतला झरा, ज्याच्यावर गुरुजी आमच्याकडून टेबलावर ताल धरून घ्यायचे, तो मागच्या खोलीत येऊन राहिला. चिमी स्टुलावर बसून ऐकत होती. तिनं डोळे पुसले. ते असते तर तुझ्या पाया पडले असते, म्हणाली. मी म्हटलं, जावई माणूस कुणाच्या पाया पडतो?

जुन्या गाळण्या धुवून माळ्यावर टाकल्या. मुरलेलं पाणीही बरंचसं काढून नवं भरलं. सगळं कसं नवंकोरं.

१७ फेब्रुवारी

नवंकोरं हेच चुकलं.

पाणी दुधाळ झालंय. मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. एंजलची जोडी कोपऱ्यात तिरकी पडून आहे, ती मेहुण्यांनी दाण्याएवढी असल्यापासून वाढवलेली. चिमी नुसती या टाकीपासून त्या टाकीपर्यंत फिरते, नि काचेला बोट लावून उभी राहते. रागावली असती तर बरं झालं असतं.

माशांच्या दुकानात गेलो. मालकाला चिमी बुडबुडेशेठ म्हणते, कारण तो बोलताना ओठांचा चंबू करतो. त्यानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाला, आजोबा, घाण खाणारे जिवाणू तर तुम्ही धुवून टाकले, आता नवीन जमायला महिना जाईल, तोवर मासे आपल्याच घाणीत मरतील. उपाय? कुठल्याही जुन्या, न हलवलेल्या टाकीतली मूठभर वाळू फडक्यात बांधून पहिल्या कप्प्यात सोडा, विरजण लावतात तसं. त्याच्याकडची वाळू कालच धुतलेली. ओळखीत कुणाकडे बघा, म्हणाला.

घरी आलो. चिमी कंबर दाखवायला डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. घरात जुनी, न हलवलेली वाळू एकाच टाकीत.

मी फार विचार केला असं लिहिणार होतो. नाही केला. एंजलकडे पाहिलं, बाही सारली आणि हात घातला. पाणी कोमट होतं. त्या टाकीला हीटर नाही, ते हात बाहेर काढल्यावर लक्षात आलं. वाळू रुमालात बांधली, सम्पमध्ये सोडली, हात पुसला.

चिमी आल्यावर म्हटलं, बुडबुडेशेठनं दिली. ती म्हणाली, देव भलं करो त्याचं.

एवढंसं खोटं. मेहुण्यांवरच्या तिच्या श्रद्धेला धक्का नको, म्हणून.

२० फेब्रुवारी

पाणी आरशासारखं. इतकं नितळ की मासे हवेत टांगल्यासारखे दिसतात. एंजल सरळ झाले, खायला लागले. चिमीनं शेजारणीला बोलावून खोली दाखवली, 'माझ्या दादानं केलं' असं तीनदा तरी म्हणाली. प्रत्येक वेळी मला बाही खाली ओढावीशी वाटली.

सकाळी तिनं नेहमीसारखं उपाशीत पाणी ओतलं आणि तिथं जरा जास्त वेळ उभी राहिली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे धरून बसलो होतो.

सांगून टाकावं का? पण आता सगळं छान चाललंय. तिची कंबर दुखायची थांबली आहे, ती हसते आहे. हे आनंदाचे दिवस मी कशाला नासू?

२४ फेब्रुवारी

काळी मॉली दिसत नाही. मेली असती तर वर तरंगली असती, पाइपात अडकली असती. सम्प उपसून पाहिला. काही नाही. आणि आणखी एक. पाणी रोज आटायला हवं, तर शेवटच्या कप्प्यातली खूण बोटभर वर गेली आहे. मी ओतलेलं नाही. चिमीही नाही म्हणते.

गप्पी तर मोजायच्या पलीकडे असतात. असायच्या. आज मी त्यांच्या टाकीत नुसता बघत बसलो होतो, एकेक ओळखता येईल इतक्याच उरल्यात. सगळ्या पाणी पडतं त्या पाइपाखाली, तोंडं प्रवाहाकडे करून. खाणं टाकलं तरी वळत नाहीत.

चिमीला म्हटलं, मोठे मासे लहानांना खातात, पाइपातून जात असतील. ती हो म्हणाली. माझं खोटं ती किती पटकन घेते! लहानपणी मी सांगितलेला प्रत्येक शब्दार्थ ती असाच वहीत उतरवून घ्यायची.

२७ फेब्रुवारी

तळाला वाळू आहे.

आठही टाक्यांच्या. मोकळ्या काचेवर. धुळीएवढा थर, आणि त्यावर ओढ्याच्या काठी असतात तशा लाटांच्या रेघा. सम्पमधला रुमाल उघडला. आत काहीच नाही. गाठ जशीच्या तशी. स्पंजातून, नळ्यांतून, पंपातून वाळू वर जाणं शक्य नाही. मी नकाशे काढणारा माणूस आहे. मला माहीत आहे काय शक्य आहे ते.

आणि चिमीचे हात. ती एंजलना हातानं खाऊ घालते, मनगटापर्यंत पाण्यात. मेहुणे घालायचे तसं. तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून चुणली आहे, कपडे धुतल्यावर होते तशी. पण ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. मी विचारलं तर म्हणाली, वय झालं, दादा. आणि कंबर अजिबात दुखत नाही, फार हलकं वाटतं, हेही म्हणाली.

तेव्हा सांगायला हवं होतं. ताट समोर होतं, ती समोर होती. मी म्हटलं, हातमोजे घालत जा. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

३ मार्च

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. कातडीचा त्रास, मलम लावा, पाण्यात हात कमी घाला. मला बाजूला घेऊन विचारलं की पाण्यात काही औषध, रसायन वगैरे घालता का. मी म्हटलं, नाही, शुद्ध पाणी आहे.

शुद्ध पाणी.

चिमीनं खाणं सोडल्यासारखंच आहे. भूक नाही म्हणते. वजन केलं तर इतकं कमी की काटा बिघडलाय असं वाटलं. मी चढून पाहिलं. काटा ठीक आहे.

टाक्यांत आता एंजलची जोडी तेवढी. बाकी सात टाक्यांत पाणी आणि वाळू. सम्प काठोकाठ.

४ मार्च

दुपारी पंप बंद केला. चिमी झोपली होती. पाइपातलं पाणी मागं उतरलं, सम्प भरून जमिनीवर आलं – थोडंच. मग शांतता. इतकी शांतता की –

आतल्या खोलीतून चिमी ओरडली. धावत गेलो. अंथरुणात बसून हात छातीशी धरला होता. दुखतंय, दादा, दुखतंय, आतून ओढतंय. आणि उठून, माझ्या आधी, अनवाणी त्या ओल्या जमिनीवरून जाऊन तिनं पंप चालू केला. चेहरा निवळला.

जमिनीवरचं पाणी मी पुसायला गेलो. नव्हतं. जमीन कोरडी. चिमीच्या ओल्या पावलांच्या खुणा तेवढ्या.

आज तिचा हात उन्हात धरलेला पाहिला. उजेड पलीकडून येतो. हाडाच्या जागी – हाड दिसायला हवं ना –

५ मार्च

एंजल नाहीत.

चिमी तरी हातात खाऊ घेऊन टाकीत हात घालून बसते. कुणाला भरवतेस, विचारलं. म्हणाली, घेतात ना, बघ.

दाणे तिच्या बोटांवरून जातात. मासा नाही. दाणे जातात.

मी सांगणार आहे. आज नाही. आज ती प्रसन्न आहे. जुन्या कविता म्हणत होती. शेवटची कडवीसुद्धा. कधी पाठ झाली, विचारलं, तर म्हणाली, आता ओठ वाचायची गरज पडत नाही –

उद्या.

६ मार्च

सांगितलं.

सकाळी, चहा गार झाल्यावर. स्टुलाशी खाली बसलो तिच्या पायाजवळ. ती हात पाण्यात घालूनच होती, कोपरापर्यंत. म्हटलं, चिमे, ती वाळू बुडबुडेशेठची नव्हती. उपाशीतली होती. मी हात घालून काढली.

वाटलं, रडेल. मेहुण्यांचं नाव घेईल. मला चालता हो म्हणेल. ती माझ्याकडे बघून हसली, त्या काचेसारख्या ओठांनी. म्हणाली,

"माहीत आहे, दादा. उपाशीच्या वाळूत तुझ्या चार बोटांचे चर होते. दुसऱ्याच दिवशी दिसले."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ओरडलोच बहुतेक.

"तुझा स्वभाव मला माहीत नाही का? कुणी चूक दाखवली की तू ट्रंक भरतोस. म्हटलं, राहू दे. रोज वाटायचं, आज तूच सांगशील. सांगितलं असतंस ना, तर लगेच बंद केलं असतं. तोवर हात सुटत होता."

तोवर हात सुटत होता.

मी तिचा दंड धरून ओढलं. पाणी हललं नाही. तीही. एवढी हलकी झालेली, आणि जागची हलत नाही. काच फोडू का, म्हटलं. नको, ती म्हणाली, मी आठही टाक्यांत आहे, कुठली फोडशील?

तिला दुखवू नये म्हणून मी – नाही. मला लाजवू नये म्हणून ती –

प्लंबर नको. डॉक्टरीण नको. कुणाला काय सांगू, नकाशा दाखवू?

७ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लागणार नाही.

स्टुलावर आता कुणी नाही. तिचं लुगडं आहे, कोरडं, घडी मोडलेलं. पाणी फार नितळ. पंप चालू. झरा.

तिला एकटं कसं ठेवू. मी हात घातला. उजवा. कोमट. आत हात लागला. धरला. म्हटलं, चिमे, चुकलो, मी चुकलो गं –

हात दाबला तिनं. लहानपणी रस्ता ओलांडताना दाबायची तसा, दोनदा. म्हणजे रागावलेली नाही. म्हणजे माफ –

बोटं घट्ट. बरं वाटतंय. कंबर, गुडघे, काही दुखत नाही. सगळं हलकं –

पण तिची बोटं बारीक होती. ही जाड आहेत. मग हा हात कुणा